काकांची फाइल

सोमवार, ३ मार्च

शी! ही फाइल आहे की उकिरडा! आपल्या फर्निचरच्या साइटचे सगळे रूट — कुठला पत्ता टाकला की कुठलं पान उघडायचं ते — एकाच फाइलीत कोंबलेत. खुर्च्यांच्या मधेच तक्रारी, तक्रारींच्या पोटात बिलं. खाली सरकवून सरकवून बोट दुखलं.

हे सगळं काकांचं कर्तृत्व. ऑफिसात सगळे काका म्हणतात, सख्खे कुणाचेच नाहीत. टेबलावरच खातात आणि तीच बोटं कीबोर्डवर! बटणांवर तेलाचा थर. त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे शिक्षाच.

मंगळवार, ४ मार्च

आमच्या मालकीणबाईंना, मॅडमना, धीर करून सांगितलं — विभागवार फाइली वेगळ्या करतो. म्हणाल्या, "कर. जमलं तर पक्का करते तुला." दहावी नापासाला!

आईला फोन केला. तिचं नेहमीचंच — "आधी पक्का हो, मग गमजा मार. नाहीतर ये परत, दादा बघेल काहीतरी." दादाच्या हाताखाली? मेलो तरी नाही.

गुरुवार, ६ मार्च

काका म्हणाले, "राहू दे की रे बाबा. मला सापडतं त्यात."

"तुम्हालाच सापडतं हो!"

हसले. दातात काहीतरी अडकलेलं. ईऽऽ!

खरंच, जो तो त्यांनाच विचारायला येतो — "काका, बिलाचं पान कुठे लिहिलंय?" आणि हे डोळे मिटून सांगतात. ऐट केवढी!

शनिवार, ८ मार्च

झालं! खुर्च्या वेगळ्या, बिलं वेगळी, तक्रारी वेगळ्या. मुख्य फाइलीत फक्त नावं. आंघोळ केल्यासारखं वाटतंय.

सोमवार, १० मार्च

बोंबला! सकाळी नव्या फाइली साइटवर चढवल्या आणि काहीही उघडा — 'पान सापडले नाही'. गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. मॅडम सगळ्यांदेखत — "संध्याकाळपर्यंत नीट कर, नाहीतर घरचं तिकीट काढ!"

काका खुर्ची ओढत आले. तेलकट हात थेट माझ्या कीबोर्डवर! मी खुर्ची मागे सरकवली.

"अरे, हे वरून खाली वाचत येतं. पहिलं जुळलं की थांबलं. 'काही सापडत नाही' म्हणणारी फाइल तू सगळ्यात वर लावलीस. नाही म्हणणारा दारातच उभा केल्यावर आत जाणार कोण? बसव त्याला शेवटी."

एक ओळ खाली नेली. साइट चालू!

मग बसलेच. कुठला जुना पत्ता कशासाठी ठेवलाय, सगळं सांगितलं. मी त्या त्या फाइलीत टिपून घेतलं. "आता तुलाही सापडेल," म्हणाले आणि बोटं शर्टाला पुसली.

आभार मानायचे राहिले. कीबोर्ड मात्र दोनदा पुसला.

बुधवार, १२ मार्च

मॅडमनी एकेक फाइल उघडून पाहिली. "वा! आता कुणाला विचारायलाच नको." छाती फुगली माझी.

शुक्रवार, १४ मार्च

पक्का झालो. आईला अजून सांगितलं नाही.

काकांना काल घरी बसायला सांगितलं. त्यांची जागा मला दिली, कीबोर्डासकट. फडकं ओलं करून आणलं होतं.

पुसवलं नाही.