आत घेतो आणि परत दारात आणून सोडतो

४ मार्च, सोमवार
मीटिंग चालू असताना बाबांचे चार फोन! कॉम्प्युटर आत घेत नाही म्हणे. कालच तर त्यांच्याकडे जाऊन नवा प्रिंटर लावून आले, तेव्हा ठणठणीत होता. कॅप्स लॉक बघा म्हटलं. बघितलं म्हणाले. "अगं, पासवर्ड चुकला असं म्हणतच नाही तो. आत घेतो आणि परत दारात आणून सोडतो." विसरला असाल, उद्या नीट आठवून टाका, असं सांगून फोन ठेवला.

५ मार्च
पुन्हा तेच. या वेळी आवाज चढला माझा. "इतका सोपा ठेवलाय तुमच्यासाठी, तोही लक्षात राहत नाही?" बाबांनी पुन्हा एकदा टाकून बघितला, फोनवर टकटक ऐकू आली. मग, "बरं. माझंच चुकत असेल."

७ मार्च
दादाशी बोलता बोलता सांगून बसले – बाबा पासवर्ड विसरायला लागलेत. तो एकदम गंभीर. मागून वहिनीने यादीच काढली: गेल्या महिन्यात किल्ली आत राहिली, दोनदा दूध उतू गेलं. (दूध माझंही जातं. मला कोण विचारतंय!) मग दादाचा नेहमीचा टोमणा – "विंडोज काढून तू टाकलेल्या त्या फुकटच्या लिनक्सचं तर काही नाही ना?" लिनक्सला काही होत नाही, मी ठसक्यात.

११ मार्च, सोमवार
बाबांना डॉक्टरांकडे नेलं. दादा आणि मी दोघंही सोबत. आज वार कोणता, विचारलं. बाबांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. प्रत्येक प्रश्नाला तसंच. वार चुकला. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर आकडे दोनदा खोडले. तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपलेला माणूस!

"आत्ताच काही सांगता येणार नाही, पण एकटं ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. गाडीतच ठरलं – एक तारखेपासून बाबा दादाकडे, घर भाड्याने. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मीही मान डोलावली.

१६ मार्च, शनिवार
कसं लिहू?

दादाकडे न्यायच्या आधी बाबांच्या फाइली काढून घ्याव्यात म्हणून कॉम्प्युटरसमोर बसले. बाबांनी पासवर्ड सांगितला – अगदी बरोबर, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. टाकला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तेच लॉगिन. आत घेतो आणि परत दारात आणून सोडतो. शब्दन् शब्द खरा होता त्यांचा. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणं हेच माझं काम; तिथे कुणी असं सांगितलं असतं तर मी पहिल्या मिनिटात ओळखलं असतं.

नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर जाऊन तोच पासवर्ड टाकला. पहिल्या फटक्यात आत. मग शोधलं. बाबांच्या फोल्डरमधली एक चिमुकली फाइल 'रूट'च्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या नावावर गेली होती. बाबांचं खातं तिला हात लावू शकत नव्हतं, म्हणून दर वेळी माघारी. आणि फाइलवरची वेळ – ३ मार्च, ४:३१.

त्या रविवारी प्रिंटर जुमानेना, तेव्हा घाईघाईत बाबांच्या खात्याऐवजी रूटच्या अधिकाराने स्क्रीन सुरू केली ती मीच, आणि फाइल रूटची झाली. नवशिक्यांना मी ज्यासाठी झापते, नेमकं तेच. एका ओळीची आज्ञा दिली, फाइल बाबांच्या नावावर केली. संपलं.

बाबा मागेच उभे होते. "काय झालं होतं गं?"

"अपडेटमुळे होतं असं कधी कधी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलले तेच.

१७ मार्च
दादाला सांगायचं म्हणून फोन उचलला. वहिनीचा मेसेज येऊन पडलेला – बाबांच्या खोलीच्या नव्या पडद्यांचा फोटो. "छान आहेत" एवढंच लिहिलं.

२० मार्च
बाबा शेजारच्या काकूंना सांगत होते, "लेकीने दोन मिनिटांत दुरुस्त केला." काकू माझ्याकडे कौतुकाने बघतायत, मी चप्पल शोधतेय.

आम्ही निघालो तर बाबा गॅस बंद आहे का बघायला तीनदा परत आत गेले. तिन्ही वेळा बंदच होता. मी शिकवलं हे त्यांना.

२२ मार्च
आज सांगणार होते. नाही सांगितलं. भित्री कुठली.

२४ मार्च, रविवार
बाबांचं सामान भरत होते. टेबलाच्या खणात त्यांची नोंदवही सापडली. मीटरची सवय, अजून सगळं वेळेसकट टिपतात.

"३ मार्च. ४:१० लेक कॉम्प्युटरवर बसली. ४:५० उठली. ५:०५ पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही."

खाली वेगळ्या शाईत – "११ मार्च. हे पान मोठ्याला दाखवायचं नाही. तो तिला बोलेल."

पानाचा फोटो काढून दादाला पाठवला. सोबत लिहिलं – ४:१० ते ४:५० मी होते. बाबा काहीही विसरलेले नाहीत.

मग भरलेली बॅग रिकामी करायला घेतली.