फुकटचा आवाज

४ फेब्रुवारी

मुंगीनं मला पैसे मागितले. मला!

एका ओळीत उत्तर. ‘करते की. दर सगळ्यांना एकच आहे.’ खाली बँकेचा खाते क्रमांक. कसा आहेस नाही, काही नाही.

मी मागितलं तरी काय होतं? मे महिन्यात ऑफिसचा वार्षिक कार्यक्रम आहे, त्यात एक जुनं गाणं वाजवायचंय. त्यासाठी गिटारचा आवाज करून दे, एवढंच. पायाखालच्या पेटीत तिची फाइल टाकायची, की गिटार त्या आवाजात बोलायला लागते. फाइल दिली म्हणून तिच्याकडचं काही कमी होत नाही. आणि एका बँडमध्ये वाजवलंय आम्ही. एका डब्यातलं खाल्लंय.

५ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, “मग दे ना पैसे. मी काय लोकांचे दात फुकट भरते?”

म्हणालो, दातात भरायला सामान लागतं. आवाजाला काय लागतं?

“कान लागतो,” म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली.

९ फेब्रुवारी

मुंगी हे नाव मीच ठेवलेलं. एवढीशी बाई, अंगापेक्षा मोठा स्पीकर एकटी उचलून न्यायची म्हणून. बँडमध्ये ती पुढे, मी मागे साथीला. कार्यक्रम संपला की लोक माझ्या समोरून तिच्याकडे जायचे. एकानं तर मलाच विचारलं होतं, “त्या गिटारवाल्या बाई कुठे भेटतील?” आणि मी गिटार गळ्यात अडकवून उभा.

बँड मोडला. मला नोकरी होती, तिला नव्हती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. आता घरी बसून लोकांना आवाज करून विकते. माणसाचं गाणं ऐकते, गिटार बघते, हात बघते आणि शिंप्यासारखं त्याच्या मापाचं बेतून देते. काही तयारही ठेवलेत. चांगलं चाललंय म्हणे तिचं.

चांगलं चाललंय — हे दोन शब्द घशाखाली उतरत नाहीत.

१६ फेब्रुवारी

साडूच्या नावानं तिचे तयार आवाज विकत घेतले. सगळे. साडूला गिटार आणि फावडं यातला फरक कळत नाही, पण नाव त्याचं चालतं.

एकेक उघडला. एक कळ इकडे, एक तिकडे. नावं बदलली. इंटरनेटवर स्वतःचं पान काढून सगळे वर चढवले. मथळा दिला — ‘सूर विकायचा नसतो. घ्या, वाजवा.’

मथळा मला फार आवडला. दोनदा वाचला.

२२ फेब्रुवारी

फुकट ते पौष्टिक! लोक तुटून पडलेत. ‘दिलदार माणूस.’ ‘असे कलावंत हवेत.’ एकानं लिहिलं, ‘तिकडे ती बाई इतके दिवस लुटत होती.’ त्याला मी लगेच आभार लिहिले.

२३ फेब्रुवारी

हिनं पान बघितलं.

“हे तू केलेस?”

काही तिचे, काही माझे, म्हणालो.

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,” म्हणाली. मग बराच वेळ भाजी चिरत राहिली. मला वाटलं विषय संपला. “तू दानशूर नाहीस रे. तू डूख धरलायस.”

असेल.

३ मार्च

मुंगीचा फोन. घेतला नाही.

४ मार्च

पुन्हा फोन. वाजेपर्यंत तिचं नाव बघत बसलो. बरं वाटलं.

११ मार्च

ऑफिसात आली. खाली लोकांना बसवतात तिथे बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. मी मुद्दाम उशिरा उतरलो.

“ते आवाज माझे आहेत,” म्हणाली.

“कशावरून?”

“तुझ्यावरून. तुला जमत नाहीत ते.”

हे तिनं चिडून म्हटलं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

म्हणालो, “माल चांगला असेल तर लोक पैसे मोजूनही घेतील. बाजार आहे.”

“माझाच माल शेजारी बसून तू फुकट वाटतोयस. मग माझ्याकडे कोण येईल?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “काढून टाक रे. आईजवळ बसायला बाई ठेवली होती, तिला या महिन्यापासून नको म्हटलंय. आता मला घराबाहेर पडून शिकवण्याही घेता येत नाहीत. आत्ता शेजारणीला बसवून आलेय.”

“मुंगी,” मी म्हणालो, “कलेचं दुकान मांडू नये माणसानं.”

हे मी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालून म्हणालो. दर महिनाअखेर पगार घेणारा मी. ती त्या ओळखपत्राकडे बघत होती. उठली.

जाताना दिसलं — चपलेचा अंगठा तुटलेला, वर तार गुंडाळलेली. गिटारचीच तार. मला लाज वाटायला हवी होती. मी वाट बघितली. नाही वाटली.

२ एप्रिल

मुंगीच्या पानावर एकच ओळ. ‘काम बंद केलं आहे.’

रात्री बाहेर जेवायला जाऊ म्हटलं. ही नको म्हणाली. एकटा गेलो.

१९ एप्रिल

आता सगळे माझ्या दारात. माझ्या गाण्याला करून द्या. माझी गिटार जुनी आहे, तिला शोभेल असा द्या. कालपासून वाट बघतोय. आज एकानं लिहिलं, ‘फुकट देता म्हणजे उपकार करता का?’

मध्ये एकासाठी करायला घेतला होता. आठवडा घातला. पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखा झाला. तोच पाठवला. त्यानं परत एक शब्दही लिहिला नाही.

६ मे

ऑफिसच्या कार्यक्रमाची तालीम. सगळ्यांना मीच सांगून ठेवलेलं, आवाजातला जाणकार आहे म्हणून. मुंगीच्या तयार आवाजांतला एकही या गाण्याला बसेना, म्हणून मी माझा स्वतःचा केलेला लावला. दुसऱ्याच ओळीला हिशेबखात्यातला ढोलकीवाला थांबला. “साहेब, पेटी बंदच ठेवली तर?” मागे कुणीतरी हसलं. मोठे साहेबही हसले.

१० मे

गेलो. तिच्या घरी. गिटार, पेटी आणि पैशांचं पाकीट घेऊन.

एकच खोली. खिडकीशी आई, भिंतीशी टेबल, टेबलावर कुणाच्या तरी शाळेच्या उत्तरपत्रिका. तपासायला आणते म्हणे. आईनं मला ओळखलं. “बँडमधला ना तू? ये, बस.” मग माझा हात धरला. “हिला कुठंतरी काम बघ रे. चांगलं चाललं होतं, कुणीतरी वाट लावली बघ.”

मुंगी माझ्याकडे बघत होती. आता सांगेल, आता सांगेल. नाही सांगितलं. “तुझी पेटी इकडे दे, पायात येईल,” एवढंच म्हणाली.

मला वाजवायला लावलं. मी वाजवत होतो, ती कळा फिरवत होती. “बोट दाबू नकोस एवढं.” “परत.” “परत.” माझा जड हात कुठे जातो ते हेरून तिनं तिथेच आवाज मऊ केला. आणि मग ते गाणं निघालं — माझ्या हातातून. मी थांबलोच नाही. आईनं डोळे मिटले होते.

पाकीट पुढे केलं.

“ठेव खिशात.”

“घे गं. तुझा दर आहे तेवढा आहे.”

“पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे,” ती म्हणाली. “रस्त्यात कुणी तोंडावर पडला तर आपण उचलतो. त्याचे पैसे घेतो का?”

आणि उत्तरपत्रिका पुढे ओढल्या. आई म्हणाली, चहा तरी घेऊन जा. मी घेतला. बशीत सांडलेलासुद्धा.

१७ मे

कार्यक्रम झाला. लोक उठून उभे राहिले. लोक आज माझ्याकडे चालत आले. मोठ्या साहेबांनी विचारलं, “हा आवाज कुणाकडून करून घेतला?”

मीच केला, म्हणालो. ही शेजारीच उभी होती. पर्स उचलून गाडीकडे गेली.

१८ मे

तो आवाज पानावर टाकायला बसलो. बाकीच्यांसारखाच, फुकट. पण हात धजेना. इतकं चांगलं काम कुणी फुकट देतं का?

किंमत लावली.