बंद केलेली हरकत

दि. ९ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. आई बरी आहे. डोळ्याची पट्टी केव्हाच निघाली, आता भाजीतली अळी आधी तिलाच दिसते. माझंही ठीक.

ओळखीच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलास म्हणे. नको टाकूस.

संगणकाकडून डिस्कवर माहिती लिहून घेणारा तो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर, तपासायला टीमची प्रमुख म्हणून तूच माझ्याकडे दिलास. डिस्कवर लिहिणं फसलं की खालून एरर कोड, म्हणजे चूक झाल्याचा आकडा, यायचा, आणि ड्रायव्हर तो गिळून वर शून्य पाठवायचा. शून्य म्हणजे सगळं सुरळीत. मी तपासणीच्या नोंदीत हरकत घेतली. तू म्हणालीस, असं क्वचितच होईल, ग्राहक दाराशी उभा आहे. मी ऐकलं नाही, हरकत तशीच ठेवली.

मग आईच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली. ऑपरेशनआधी बाहेर बाकावर तिचा वेळ जावा म्हणून तिला हेच समजावत होते. ती म्हणाली, "म्हणजे निरोप पोचला नाही तरी पोचला म्हणून सांगायचं? ताई नाही चालू देणार असलं."

त्याच दुपारी तू माझी हरकत 'निकाली' म्हणून बंद केलीस.

दाराशी उभा असलेला तुझा ग्राहक म्हणजे एक इस्पितळ. तिथे पडद्यावर 'स्कॅन जतन झाला' असं यायचं आणि डिस्कवर काहीच नसायचं. पेशंटना परत बोलावलं. एक बाई आल्याच नाहीत, लांबून पुन्हा यायचं त्राण उरलं नव्हतं. महिन्याभरात गेल्या.

चौकशीत साहेबांनी विचारलं, हरकत कोणी बंद केली? माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "मीच केली, पण तिच्या सांगण्यावरून." चारचौघांत सख्ख्या बहिणीला खोटारडी कसं म्हणायचं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. शब्द फुटेपर्यंत बैठक संपली होती. संध्याकाळी माझं ओळखपत्र काढून घेतलं. तू जिन्यापर्यंतही आली नाहीस.

आणि आता लिहितेस, झालं ते पोटात घाल, आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. नोकरी गेली ते घातलंही असतं. पण अहवालात त्या बाईंच्या नावापुढे माझं नाव आहे, ताई. ते कुठे घालू?

आई रविवारी तुझ्याकडे राहायला येतेय. कामाचा कंटाळा आला म्हणून सोडलं, असं मी तिला सांगितलंय. तिला ते पटलेलं नाही. ती तुला विचारील. काय सांगायचं ते तुझं तू बघ. डोळ्यांचे थेंब पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत, ते तरी वेळेवर घाल.

नमस्कार लिहिलेला नाही. विसरून नव्हे.

धाकटी