बोटभर सैल केलेली चोळी

आमगाव, ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. चंद्रकांताताईस,
धाकट्या राखीचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आचलचं लग्न तोंडावर आलंय. तिचे बाबा मांडववाल्याशी रोज हिंदीतून भांडतात आणि मराठीतून हरतात.

तू परत पाठवलेली चोळी मिळाली. जुन्या काळचे पोशाख तू घरबसल्या हुबेहूब शिवतेस, नाटकवाले तुझ्या दारात बसलेले असतात, ते उगाच नाही. चहाच्या पाण्यात कापड जुनं केलंस, कोपरही घासून विरवलंस. पण ताई, ही आईची लग्नातली चोळी नाही. नमुना काढायला नेलीस ती तिची होती, आली ती तुझी. माझ्या वेळेस आईला दिवस गेले तेव्हा तिने बाजूच्या शिवणी उसवून चोळी बोटभर सैल केली होती. जुन्या टाक्यांची भोकं तशीच राहिली. तुह्यापायी मले चोळी उसवा लागली, असं ती मला दाखवून सांगायची. यात एकही भोक नाही.

आचलला मांडवात आजीचीच चोळी घालायची आहे. लोभ असू दे, पण चोळी पाठव.

तुझी राखी


फुलचूर, ९ फेब्रुवारी

चि. सौ. राखीस,
ताईचे अ. उ. आ.

बदलली, खरं आहे. तुला कळणार नाही असं वाटलं होतं. शिवणकामात तुझं कधी लक्ष नव्हतं. आई शेवटची सगळी वर्षं माझ्याकडे अंथरुणावर होती. तिला न्हाऊ मी घातलं, शिव्याही मीच खाल्ल्या. तू दिवाळीला यायचीस आणि नवी साडी नेसून उशाशी बसायचीस. मी तुम्हा सगळ्यांसाठी वडे तळत होते, तेव्हा तिने चोळी तुझ्या हातात दिली. ती कायले सैल केली, हे तुला शंभरदा सांगितलं. मला एकदाही नाही. याचा मला राग आहे, अजूनही आहे.

असो. माझा धर्मेंद्र उद्या तिकडे येतोय, त्याच्या हाती आईचीच चोळी पाठवते. आचल बारीक आहे, सैल चोळी फोटोत बरी दिसणार नाही. म्हणून जुन्या शिवणीवरच परत आत घेतली आणि जास्तीचं कापड कापून टाकलं. आता ती आईच्या लग्नात होती अगदी तशी झाली.

आचलला आशीर्वाद. माया उरली असेल तेवढी राहू दे.

तुझी ताई


आमगाव, २ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न.

लग्न पार पडलं. तू आली नाहीस, आहेर पोचला. चोळी आचलला नेमकी बसली. विहीणबाईंनी कोणी शिवली असं विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं.

काल दोन्ही चोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. बोट फिरवून भोकं शोधली. आता दोन्ही सारख्याच आहेत, दोन्ही तुझ्याच हातच्या. धर्मेंद्र आला की दोन्ही त्याच्याजवळ देते, ठेवून घे.

कापलेल्या पट्ट्या फेकल्या नसशील तर तेवढ्या पाठव. आईने माझ्यासाठी सोडलेलं तेवढं कापड मला पुरे.

राखी