आक्काची माया

३ जानेवारी

पोचले. बॅग एकच होती, तरी बाईंच्या मुलाने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः जिना चढला. तेवढ्यावरच मी खूश. माझी बॅग आजवर कुणी उचलली नव्हती.

घर दुसऱ्या मजल्यावर, ऐसपैस आणि उजेडाचं. मला स्वतःची खोली आहे, स्वैपाकघराच्या मागे. लहानशी, पण खिडकीची. पन्नाशीत पहिल्यांदा दाराला आतून कडी असलेली खोली मिळाली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपायचे, नंतर भावाच्या घरी सोफ्यावर. मग वहिनीने नवा सोफा घेतला आणि त्यावर कुणी झोपायचं नाही असं ठरलं. म्हणून ही नोकरी. तक्रार नाही.

मुलाने घर फिरून दाखवलं. न्हाणीघरात रबराच्या चटया, भिंतींना धरायला स्टीलचे दांडे, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, खिडक्यांना गज, गॅसला कुलूप. पडणं, भाजणं, घसरणं, चोर, वारा, माणसं ज्याला ज्याला भितात त्या सगळ्याची सोय एका घरात. मी म्हटलं, इथे पडायचं ठरवलं तरी जमायचं नाही. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा.

बाई म्हणजे त्याची आई. शाळेत गणित शिकवायच्या, अजून सगळे त्यांना बाईच म्हणतात. खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. पाय चालत नाहीत, हातही धड उचलत नाहीत, जीभ मात्र शाबूत. तुला काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सगळे ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, ऐंशीच्या घरात आलेय मी, तुला ताई कशी म्हणू? आधीची होती ती आक्का. तू नवी.

चला, कुठेतरी मी नवी तर झाले.

९ जानेवारी

आक्का मोजे किटलीला लावून गरम करायची. आक्का दूध फुंकून द्यायची. आक्का वेणी घालायला बसली की डोळेच मिटायचे. सकाळपासून हेच ऐकतेय. लग्न केलं नाही म्हणून सवतीचा ताप वाचला असं समजत होते, पण ती नशिबात होतीच.

संध्याकाळी बाईंच्या मुलाचा त्याच्या घरून फोन आला तेव्हा विचारलं, ही आक्का गेली कुठे? तो जरा अडखळला. मग म्हणाला, वारली. दिवाळखोर माणसासारखा अपराधी आवाज. बरीच वर्षं ती त्यांच्याकडे होती, आणि या हिवाळ्याच्या तोंडाशी झोपेतच गेली. मागच्या खोलीत. म्हणजे माझ्या.

मेलेल्या माणसाच्या पलंगाची मला भीती नाही. दोन माणसांचे शेवटचे श्वास मी उशाशी बसून ऐकलेत. राग आला तो गादीचा. मधोमध तिच्या अंगाचा खळगा पडलाय. कुठल्याही कुशीवर वळलं तरी मी त्यातच घरंगळते. दुपारी गादी उलटी करून टाकली. म्हटलं, आक्काबाई, आता सरका.

१५ जानेवारी

खालच्या मजल्यावर एक टेलरीण राहते. बाईंचा गाऊन सैल करून आणायला गेले आणि तासभर बसले. तिने सांगितलं ते असं.

आक्का आली तेव्हा बाई चांगल्या हिंडत्या-फिरत्या होत्या. स्वतः बाजारात जायच्या, शेजारच्या मुलांची गणितं घ्यायच्या. आक्काने आधी त्यांच्या हातची पिशवी घेतली. मग जिन्यावर कोपर धरायला लागली. मग बटणं लावणं, मग घास भरवणं. कधी वाकडा शब्द नाही, कधी कंटाळा नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून पाहिलं, आजार कुठलाच सापडला नाही. टेलरीण माप घ्यायला वर जायची तेव्हा आक्का बाईंचा हात उचलून पुढे करायची, जसा काही तो खुंटीवर टांगलेला होता.

“आक्का चांगली होती,” टेलरीण म्हणाली, “पण तिने बाईंना स्वतःचं म्हणून वापरायला काही शिल्लकच ठेवलं नाही.”

मला बाईंची कीव यायला हवी होती. जिना चढताना लक्षात आलं की मला हेवा वाटतोय. आक्काचा तर वाटतोच, आज बाईंचाही वाटला. मी भावंडांची ताई, आईबाबांचीही म्हातारपणी ताईच. मला ताई म्हणणारे ढीगभर. आक्का म्हणून हाक मारावी असं माझ्या वर कुणी नव्हतंच.

२१ जानेवारी

आज बाई उभ्या राहिल्या.

आठवडाभर मी त्यांच्या मागे लागले होते. हातात स्पंजचा गोळा देऊन दाबायला लावायचे, चमचा त्यांच्याच मुठीत द्यायचे, सांडलं तर सांडू दे म्हणायचे. आज दांडा धरून, दात-ओठ खाऊन त्या खुर्चीतून उठल्या आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, नवी, माझे पाय अजून माझेच आहेत की गं.

आम्ही दोघी रडलो, मग हसलो. दिवसभरात एकदाही आक्काचं नाव निघालं नाही. हरवलं तिला.

२२ जानेवारी

सकाळी पडदे सरकवायला गेले तर बाईंची वेणी घातलेली. घट्ट, नीटस, टोकाला निळा दोरा. बाईंचे हात डोक्यापर्यंत पोचत नाहीत. पायात मोजे होते, हात लावला तर गरम.

मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, आज उठायचं नाही, आक्का रागावली. लहान मुलीसारखं तोंड केलं होतं. बाहेरच्या दाराची कडी पाहून आले. रात्री घातली होती तशीच होती.

अंगावर काटा यायला हवा होता. तो आला नाही, संताप आला. निळा दोरा तोडला, वेणी सोडली आणि माझ्या हाताने पुन्हा घातली. जरा ओढूनच घातली. बाई कळवळल्या. म्हणाल्या, तिचा हात लागत नव्हता.

२६ जानेवारी

रोज तेच. मी उजाडायच्या आधी उठते, ती माझ्या आधी. दूध तापवून न्यावं तर बाईंच्या ओठांवर आधीच साय. पलंग आवरलेला, चादरीला सुरकुती नाही. चोरट्या सुनेसारखी मी दाराआड उभी राहून पाहते, तर खोलीत बाई एकट्या, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला पाहवत नाही.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन. गुडघे दुखतात, मुलीचं बाळंतपण जवळ आलंय, तू कधी येतेस? अर्धा तास बोलली. मला ताप आहे हे सांगायला फटच मिळाली नाही. तिने विचारलंही नाही.

फोन ठेवला आणि स्वैपाकघरात स्टुलावर बसून रडले. रिकाम्या ओट्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, बाईंचं पुष्कळ झालं, माझ्याकडे कोण बघणार?

२७ जानेवारी

जेवणानंतर तापात स्टुलावरच डोळा लागला. जाग आली तेव्हा खांद्यावर शाल होती आणि हाताशी चहा. वाफाळता, साखर कमी आणि आलं भरपूर, मी एकटी असले की करते तसा. तो चहा मी कधी कुणाला सांगितलेला नाही. कुणी विचारलाच नाही.

बाई आपल्या खुर्चीत झोपल्या होत्या.

मी तो प्यायले. सगळा.

३१ जानेवारी

हिला मी उगीच नावं ठेवली.

ती दिसत नाही. पण सकाळी कपाळावर हात येतो, उबदार, अंगठ्याला जरा खरखरीत. केस विंचरते. पांघरुणाचं टोक पायाखाली नीट खोचते. गादी मी पुन्हा सुलटी केली, त्या खळग्यात छान झोप लागते. ताप उतरला तरी ती येतेच. मी आक्का म्हटलं की हात क्षणभर थांबतो आणि मग अजून हळू फिरतो.

आज बाईंची वेणी कुणी घातली नव्हती. त्या रडत होत्या, माझे मोजे गार आहेत म्हणून. मी ऐकलं. केले नाहीत गरम. इतकी वर्षं तुमची पाळी होती बाई, आता माझी.

४ फेब्रुवारी

बाईंनी आज स्वतःच्या हाताने कप उचलला. आठवडाभर मी त्यांच्याकडे धड पाहिलेलंही नाही, व्यायाम तर सोडाच. तरी सुधारतायत. दुपारी दांडे धरत धरत एकट्या स्वैपाकघराच्या दारापर्यंत आल्या.

मी स्टुलावर होते. माझ्या स्वेटरची बटणं लागत होती, एकेक, वरून खाली, आणि माझे हात मांडीवर होते.

बाईंनी ते पाहिलं. किंचाळल्या नाहीत. परत गेल्या आणि मुलाला फोन लावला. मला न्यायला ये, एवढंच बोलल्या.

मी धास्तावले. बाईंच्या जाण्याने नाही. ती त्यांच्याबरोबर गेली तर?

५ फेब्रुवारी

मुलगा आला. त्याने आईला चालताना पाहिलं. माझे हात धरून म्हणाला, हे तुमच्यामुळे झालं. मी मान हलवली. मलाही बरोबर चला म्हणाला. घर आवरून मागून येते, असं मी सांगितलं. मग रविवारी तो मला न्यायला येईल आणि कुलूप लावेल असं ठरलं.

बाईंनी दारात माझी बाही धरली. मुलगा बॅगा घेऊन पुढे गेला होता.

“नवी, तिला नको म्हण,” त्या म्हणाल्या. “एकदाच म्हण, पण मनापासून. मला कधी म्हणवलं नाही.”

त्यांचे डोळे माझ्या खांद्यामागे होते. बघण्यात भीती होती आणि आणखी काहीतरी होतं. ते मी ओळखते. हेवा. म्हणून मी हसले आणि दार लावलं.

ती राहिली. माझ्याकडे राहिली.

७ फेब्रुवारी

हातातून चमचा पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. गॅसच्या कुलपाची किल्ली फिरेना. ताप होऊन गेला त्याचा अशक्तपणा असेल.

घास भरवला. मी तोंड मिटलं तर थांबली. रागावली नाही. नुसती थांबून राहिली, मी तोंड उघडेपर्यंत.

८ फेब्रुवारी

सकाळी पाय जमिनीला लागले, पण जमीन लागल्याचं कळेना. घाबरले. टेलरिणीकडे जावं म्हणून भिंतीचा दांडा धरून दारापर्यंत गेले. बूट घातले. खाली बघते तर काढलेले, आणि पायात गरम मोजे.

कडीला हात घातला. तिने तो काढून घेतला. ओढला नाही. बाळाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तसा काढला आणि मांडीवर आणून ठेवला. मी खुर्चीत बसले होते. बाईंच्या. कधी बसले ते—

तिच्या मनात वाईट काही नाहीच. हेच तर—

९ फेब्रुवारी

टेलरिणीने दार वाजवलं. गाऊन तयार आहे म्हणाली. मी ओरडायला तोंड उघडलं तर ओठांवर पदरासारखं मऊ काहीतरी आलं, लाळ पुसल्यासारखं. आणि दाराशी कुणीतरी शांतपणे बोललं, ती झोपलीय, उठवू नका.

मग टेलरिणीची पावलं. जिन्यावरून धावत.

आवाज ओळखला तिने.

१० फेब्रुवारी

पेन्सिल बोटांत राहत नाही. मुठीत धरलीय. अक्षर लागेल का कुणाला—

आता कळलं बाई कशा चालायला लागल्या. ती माझ्याकडे आली म्हणून. ती दुसरीकडे गेली की हातपाय परत मिळतात. म्हणजे तिने मला सोडून कुणा दुसरीकडे—

दुसरीचे केस विंचरेल. दुसरीचा चहा तिला कळेल.

नाही. लिहायचं तेच लिही. बाईंचा शब्द. जीभ वळत नाही, लिहून तरी. ती मागे आहे. माझ्या मुठीवर हात ठेवलाय. म्हणते, दमलीस, आण इकडे, मी लिहिते—

नको

लिहिलं.

हात उचलला तिने. उचलला. बोटं हलतायत माझी. केवढं गार झालं सगळं. दाराची कडी निघाली — ती जिना उतरतेय, हळूहळू, खाली — टेलरिणीच्या दाराशी — तिच्याकडे का, तिला तर नवरा आहे, मुली आहेत, तिला कशाला —

आक्का

आक्का, नको जाऊ