फिट्टंफाट

१५ एप्रिल २०१६, शुक्रवार
देशाने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं? आजपासून प्रचार सुरू. मार्लथॉर्पचं उत्तर काय असेल ते आता माझ्या हातात आहे, कारण 'राहा'वाल्यांनी मला शहराचा रणनीतिकार नेमलंय. ईमेलमध्ये 'मदतनीस' लिहिलंय. टायपिंगची चूक.

बायको गिलियन म्हणाली, जन्मभर बाथरूमच्या टाइल्स विकणाऱ्याला रणनीती कुठून येणार? मी म्हटलं, नको असलेली वस्तू माणसाच्या गळ्यात मारायची आणि वर त्याच्याकडून थँक यू म्हणवून घ्यायचं, यालाच रणनीती म्हणतात. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. पटलं असावं.

१७ एप्रिल, रविवार
लिस्बनहून फ्लोराचा फोन. पोरगी तिथे दातांच्या दवाखान्यात नोकरीला, लग्नही तिथल्याच रुईशी ठरलेलं. आपण बाहेर पडलो तर माझं इथलं काय होणार, म्हणून रडवेली झाली होती. मतदानाला येणं जमत नाही, तेव्हा प्रॉक्सी म्हणून माझं नाव दिलंय. म्हणजे तिच्या वतीने मी जाऊन फुली मारायची. बाबा, विसरणार नाही ना, असं दोनदा विचारलं. अगं, अख्खं शहर फिरवायला निघालेला माणूस एक फुली विसरेल?

२ मे, सोमवार, बँक हॉलिडेची सुट्टी
घरोघर फिरलो. प्रतिसाद जबरदस्त! एकानेही वाद घातला नाही. सगळे म्हणाले, विचार करू हं नक्की. एका बाईंनी तर क्रीमची बिस्किटं दिली. बिस्किटं देणारी घरं मी आपल्यात धरतो.

गिलियन म्हणाली, त्याच घरात डेरेकला केक मिळाला. डेरेक पिकरिंग म्हणजे 'बाहेर पडा'वाला, समुद्राकाठी त्याचं फिश अँड चिप्सचं दुकान आहे. त्याच्याकडे ना नकाशा, ना आकडे. नुसता लोकांना विचारतो, गुडघा कसा आहे. याला काय प्रचार म्हणतात?

१२ मे, गुरुवार
फ्लोराच्या प्रॉक्सीचं कार्ड आलं. गिलियनने ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं. दूध काढताना दिसेल म्हणाली. लहान मूल समजते मला.

२२ मे, रविवार. दुपारी दोन.
पानावर ग्रेव्हीचे डाग पडलेत. इतिहास घडला की असंच होत असणार.

आमची खरी अडचण मी ओळखलीय. डेरेकचे लोक पेटलेले आणि आमचे गार. पाऊस पडला तर आमचा निम्मा माणूस घरी बसेल. आज जेवताना सासूबाईंशी नेहमीप्रमाणे जुंपली. (सासूबाई विनिफ्रेड. वय त्र्याऐंशी. 'चार दिवसांसाठी' आल्या, त्याला बारा वर्षं झाली. मागच्या खोलीच्या खिडकीत 'बाहेर पडा'चं पोस्टर. माझ्याच घरात!) बटाटा कापता कापता म्हणाल्या, जावईबापू, तुमचं एक मत, माझं एक मत, फिट्टंफाट. मग दोघांनी पावसात तंगडतोड करायचीच कशाला? घरीच बसू की.

ग्रेव्हीचं भांडं माझ्या हातातच राहिलं. पार्लमेंटात हेच तर चालतं! इकडचा एक, तिकडचा एक, दोघांनी गैरहजर राहायचं, हिशेब तोच. पण माझी अक्कल पुढची. आमच्यातला जो आळशी एरवीही जाणार नाही, त्याची जोडी त्यांच्यातल्या पेटलेल्याशी लावायची. दोघांनी हात मिळवायचे. आमचं काहीच जात नाही, त्यांचं एक पक्कं मत कटाप!

ग्रेव्ही टेबलावर सांडली. गिलियन ओरडली. मोठ्या माणसांच्या बायकांना हे सोसावंच लागतं.

२७ मे, शुक्रवार
'राहा'वाल्यांच्या लंडनच्या मुख्य कचेरीत टॅम्झिनबाईंना फोनवर योजना सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाल्या, फारच धाडसी कल्पना आहे. दोनदा म्हणाल्या. गिलियनला सांगितलं तर म्हणते, आपल्याकडे 'धाडसी' म्हणतात ते माणूस झाडावरून पडायच्या बेतात असताना. जळते.

८ जून, बुधवार
फिट्टंफाट जोरात. शहराचा मोठा नकाशा आणलाय, जोडी जुळली की त्यावर लाल ठिपका. भिंतीला टोचू नको म्हणून गिलियनने दम दिला, तेव्हा फ्रिजच्या दारावर लावला. झकास दिसतो.

गंमत म्हणजे डेरेकच मला जोडीदार शोधून देतोय. आमची हवी तेवढी माणसं घे म्हणाला, वर चिप्सवर जास्तीचं व्हिनेगर. बिचारा. पायाखालची वाळू सरकतेय, याला पत्ता नाही.

१४ जून, मंगळवार
छोटीशी अडचण. वाचनालयातल्या ॲलिस्टरनेही शेजारच्या प्लंबरशी हात मिळवलेत. अहो, तुम्ही आळशी नाही, तुम्ही जायचंय, असं कळवळून सांगितलं. तर म्हणतो, क्लाइव्ह, शब्द म्हणजे शब्द. चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरवाल्यांचंही तेच. आमची माणसं फार सज्जन. याचा फायदाच होईल. कसा ते उद्या ठरवतो.

१९ जून, रविवार
नेत्याने स्वतः उदाहरण घालून द्यावं. स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सासूबाईंशी हात मिळवला. म्हातारीची पकड काय! दोघांपैकी कोणीही मतदानाच्या हॉलची पायरी चढायची नाही.

२० जून, सोमवार
गिलियन लिस्बनला गेली, फ्लोराच्या लग्नाचे कपडे बघायला. स्वतःचं मत तिने पोस्टाने कधीच पाठवलंय. टॅक्सीत बसताना म्हणाली, गुरुवार लक्षात आहे ना? म्हटलं, गुरुवारशिवाय दुसरं काही डोक्यात आहे का माझ्या!

२३ जून, गुरुवार
पाऊस! मुसळधार! देव आमच्या बाजूने.

शब्दाला जागून घरी बसलो. टॅम्झिनबाई सारखा फोन करत होत्या, शेवटी मोबाइल बंद केला. लढाईच्या दिवशी सेनापतीचं डोकं थंड हवं. सोफ्यावर पाय पसरून तीनदा चहा घेतला. प्रत्येक वेळी दूध काढताना नकाशावरचे ठिपके बघून ऊर भरून आला.

चार वाजता सासूबाई छत्री घेऊन बाहेर पडल्या. पेपरमिंटच्या गोळ्या आणते म्हणाल्या. तासाभराने भिजून आल्या, गोळ्या नाहीतच. वय झालं. विसरतात.

२४ जून, शुक्रवार
हरलो. देशात हरलो. मार्लथॉर्पमध्ये तर सपाटून.

दुपारी डेरेक स्वतः गरम मासा घेऊन दारात. म्हणाला, तुझ्या माणसांनी शब्द पाळला हो, एकजणही फिरकला नाही. म्हटलं, आणि तुझ्या माणसांनी? त्याने मान खाली घातली. आमचेही पाळणार होते रे, नुसते बघायला म्हणून गेले. पण हॉलबाहेर रांग लागलेली. आता रांगेत उभं राहिल्यावर मधूनच निघून जाणं बरं दिसतं का?

संध्याकाळी मोबाइल सुरू केला. गिलियनचे मेसेजच मेसेज. सगळ्यांत एकच प्रश्न: फ्लोराचं मत टाकलंस?

नकाशा ओरबाडून काढला. खाली कार्ड होतं. जसंच्या तसं.

देवा रे. शब्द दिला होता माझ्या मताचा. तिच्या मताचा नव्हता दिला. मी जाऊ शकत होतो. हॉल तर कोपऱ्यावर आहे.

राग कुणावर तरी काढायला हवा म्हणून सासूबाईंवर काढला. म्हटलं, गोळ्या आणायला नव्हता गेलात, मत टाकायला गेला होतात! शब्द मोडलात! म्हणाल्या, हो, मोडला. पण तुमच्या बाजूने टाकून आले. फ्लोरा फोनवर रडली, आजी, मला इथेच राहायचंय म्हणाली. नातीपुढे कसलं पोस्टर? तुमच्या नकाशाने नाही हं बदलले मी, उगाच मिरवू नका.

म्हणजे या घरात एकट्या रणनीतिकाराने मत टाकलं नाही.

२५ जून, शनिवार
फ्लोराचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, हरलो ते हरलो बाबा, माझं मत तरी पडलं ना?

मी रात्रभर तीन उत्तरं तयार केली होती. त्यातलं पहिलं कोणतं द्यायचं ते ठरवत होतो. तेवढ्यात सासूबाईंनी फोन हिसकावला. पडलं गं राणी, म्हणाल्या. भर पावसात पडलं. मी या डोळ्यांनी पाहिलंय.

फोन माझ्या हातात परत देताना हळूच म्हणाल्या, मी शब्द मोडला, तुम्ही विसरलात. फिट्टंफाट.

नाही झाली. पलीकडून फ्लोरा म्हणत होती, थँक यू, बाबा.