चॅट बंद, पेन चालू

२१ एप्रिल, सोमवार. पावस.
आजपासून चॅट बंद. कायमचं. कंपनीत माणसं अकरा आणि ग्रुप सतरा. दिवसभर टुणटुण. एकाने अंगठा टाकायचा, दुसऱ्याने त्या अंगठ्याला हार्ट द्यायचं. याला म्हणे कम्युनिकेशन! मी डेव्हलपर आहे, हमाल नाही. यापुढे कॉम्प्युटरवर फक्त कोड. बाकी कागद, शाईपेन आणि लँडलाइन.

बंद करण्याआधी विनीत सरांचा शेवटचा मेसेज वाचला. टीम लीड नेमायचाय. इच्छुकांनी २ मेपर्यंत कळवावं. लीडने कुठूनही काम करावं, बाकीच्यांनी जूनपासून पुण्याच्या ऑफिसात यायचं. म्हणजे लीड मीच. पावस सोडायचा प्रश्नच नाही.

२२ एप्रिल
रघू लाइनमन लँडलाइन जोडून गेला. जाता जाता म्हणाला की वायर बाहेरच्या डब्यापर्यंतच, पुढे सगळं फायबर, म्हणजे डिजिटलच की. त्याला चहा विचारला नाही.

२३ एप्रिल
लीडपदासाठी अर्ज लिहिला. चार पानं, पाठपोट, वर लँडलाइनचा नंबर. टीममधल्या प्रत्येकाची लायकी सविस्तर. एकट्या दीपालीवर दीड पान. (ही पावसजवळच्या पूर्णगडची, सध्या पुण्यात. मीच इंटरव्ह्यू घेऊन हिला लावली.) ‘बोटं चालतात, डोकं चालत नाही’ हे वाक्य तर फारच उतरलंय. आईने विचारलं, एका ओळीचा मेसेज टाकला तर बोटं झडतात काय. घरातही हीच पातळी.

२४ एप्रिल, सकाळी ७
पोस्टाला कोण विचारतो! बाबूचा आंब्याचा टेम्पो उद्या पुण्यात. सरांच्या नावाने चार डझनांची पेटी दिली. अर्ज आत, पेंढ्यात, मधल्या थरात. एकदम सुरक्षित. आंबे कच्चे, म्हणून झाकणावर झोकदार अक्षरात चिठ्ठी डकवली: ‘आठ दिवस पेटी उघडू नये.’ आत कागद आहे हेही वर लिहा, असं बाबू दोनदा म्हणाला. टेम्पोवाल्याकडून मी कम्युनिकेशन शिकणार!

२८ एप्रिल
लँडलाइन गप्प. साहजिक आहे. चार पानं पचवायला सरांना वेळ लागणार. रत्नागिरीला जाऊन लीडला शोभेलशी खुर्ची घेतली.

२ मे, संध्याकाळी ६
मुदत संपली. फोन नाही. दुसरा एखादा उतावळा चौकशी करत सुटला असता. आईला सांगून टाकलं की आता कायमचा इथेच. तिने देवापुढे साखर ठेवली. डोळे पुसत होती. बायका लगेच रडतात.

५ मे, दुपारी
लँडलाइन वाजली! सर. आंबे अप्रतिम, म्हणाले. ऑफिसभर घमघमाट. चिठ्ठीचं अक्षर सगळ्यांना आवडलं, आणि चिठ्ठी इतकी स्पष्ट की आठ दिवस पेटीला कुणी हात लावला नाही. आज उघडली, तेव्हा अर्ज सापडला.

लीड शुक्रवारीच नेमला. दीपाली. तिने चॅटवर ‘मी तयार आहे’ एवढंच टाकलं होतं. तीन शब्द! कंपनीचं काही खरं नाही.

अर्ज कुठे आहे विचारलं. पेटी दीपालीनेच उघडली, म्हणाले. सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती. तिचं दीड पान आल्यावर थांबली.

६ मे
आईला अजून सांगितलेलं नाही. काल मीही थोडा रडलो. आंब्याच्या मोहोराची ॲलर्जी असणार. मे महिन्यात मोहोर नसतो, हे माहीत आहे.

३१ मे, शनिवार
दीपाली परवा पूर्णगडला आली. आता घरूनच काम करणार. मला सोमवारी साडेनऊला पुण्यात हजर व्हायचंय. आईने बॅग भरली.

मला खरंच इथे राहायचं होतं.

सकाळी चॅट चालू केलं. तात्पुरतं. दीपालीला विचारलं, जूनपुरती सूट मिळेल का. तीनदा लिहून खोडलं, शेवटी एक ओळ पाठवली. खाली ‘मॅडम’ लिहिलं.

दोन निळ्या टिक्स लगेच आल्या.

फोन हातातच आहे. मघाशी ‘टायपिंग’ असं दिसलं. मग गेलं.